आ करायला सांगा आणि आत बघा : अभ्यासक्रम समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
वैद्यकीय अभ्यासक्रम समिती

स. न. वि. वि.

आपण मंजूर केलेला नवा आराखडा आमच्या विभागात पोचला. मुख व जबडा शल्यचिकित्सा विभागातलं दोन आठवड्यांचं पोस्टिंग, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी विभागात येऊन रुग्ण बघत शिकायचा काळ, त्यातून वगळलं आहे. त्याच्या जागी एक रेकॉर्ड केलेलं व्याख्यान ठेवलं आहे, तेही ऐच्छिक. कारणाच्या रकान्यात एवढंच : ‘विषय दंतवैद्यकाच्या कक्षेतला.’ आम्ही रीतसर हरकत घेतली. त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा आला आणि कागद फाईलबंद झाला. ज्यांच्या तोंडाचा आणि चेहऱ्याचा हा प्रश्न आहे त्यांनाही तो कळावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी याच विभागात शस्त्रक्रिया करते आणि शिकवते. जिभेवरची जी लहानशी जखम वेळेत दिसली असती तर छोट्या शस्त्रक्रियेत निघाली असती, ती उशिरा आली की जिभेचा मोठा भाग, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतात. मग पायाचं हाड आणून जबडा बांधायचा आणि त्यानंतर माणसाला पुन्हा गिळायला, बोलायला शिकवायचं. हे काम मी करते. पण टाळता आलं असतं असं काम करताना दर वेळी चीड येते, आणि ती रुग्णावर काढता येत नाही.

आता त्या ‘कक्षे’बद्दल. तोंड दंतवैद्याकडे आणि उरलेला माणूस डॉक्टरकडे, ही वाटणी शरीराने केलेली नाही. १८४० साली बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतवैद्यकीय महाविद्यालय निघालं. पुढे बहुतेक देशांत दोन्ही शिक्षणं वेगळ्या इमारतींत गेली आणि तशीच राहिली. दंतवैद्यकाचं त्यात भलं झालं, वाद नाही. पण ज्याच्या गालाला सूज आली आहे किंवा चेहऱ्यात कळ मारते आहे, त्याला ही इमारतींची वाटणी माहीत नसते. तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जातो, आणि तिथे ड्युटीवर आपणच पास केलेला इंटर्न असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. एवढ्या लोकांसाठी एक ऐच्छिक व्याख्यान!

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी, की डॉक्टर तोंडात बघतच नाहीत. घसा बघतात. लाकडी पट्टीने जीभ दाबून, टॉर्च मारून टॉन्सिलपर्यंत नजर जाते, पण वाटेतलं तोंड कोणी बघत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची फाईल चांगली जाडजूड होती. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं वेळच्या वेळी नोंदलेलं. मधे एका भेटीत लिहिलंय : ‘तोंड आलंय, जेल दिलं.’ पुढच्या भेटीत : ‘तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स.’ त्यापुढे दुसऱ्या कंपनीचं जेल. व्रण कुठे आहे, केवढा आहे, हाताला कसा लागतो, याबद्दल एकाही पानावर एक ओळ नाही. ते माझ्यासमोर बसले तेव्हा मानेतली गाठ खुर्चीवरून उठायच्या आधी दिसत होती.

तपासणी कशी करायची ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण व्याख्यानात ती दिसेल पण बोटांना कळणार नाही. कवळी असेल तर ती आधी काढायला सांगायची. पुष्कळदा व्रण तिच्याखालीच दडलेला असतो. मग ओठ उलटून आतली बाजू, पट्टीने गाल बाजूला करून अक्कलदाढेच्या मागपर्यंत, हिरड्या, टाळू. त्यानंतर जीभ. ‘जीभ दाखवा’ म्हणून वरचा पृष्ठभाग बघितला की काम झालं असं अनेकांना वाटतं. जिभेचा कॅन्सर वरच्या पृष्ठभागावर क्वचित होतो. तो असतो कडेला, त्यातही मागच्या बाजूला, आणि जिभेखाली तळाशी. म्हणून जिभेचं टोक गॉजमध्ये धरायचं आणि दाढांजवळची कड पूर्ण दिसेपर्यंत एका बाजूला ओढायचं. मग दुसरी बाजू. जीभ टाळूला लावायला सांगून तळ बघायचा. शेवटी एक बोट तोंडात, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, आणि मधला भाग दोहोंमध्ये चाचपायचा. साधा फोड मऊ लागतो. कॅन्सरच्या व्रणाची कड आणि बूड टणक लागतं, तो खालच्या मांसाला धरून बसलेला असतो. मग मानेच्या दोन्ही बाजू, कानापासून खाली. हात बसलेला असेल तर हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे. हात बसायला मात्र खरी तोंडं तपासावी लागतात, आणि आपण नेमकं तेच काढून टाकलंय.

तीन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण तातडीने पुढे पाठवायचा, हा नियम विद्यार्थ्याला झोपेतून उठवला तरी सांगता आला पाहिजे. जवळच्या दाताची टोकदार कड टोचते आहे असं वाटलं तर ती घासून घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं. तेव्हाही जखम तशीच असेल तर दाताला दोष देत बसू नये. पुसून न निघणारा पांढरा चट्टा महत्त्वाचा, आणि लाल चट्टा त्याहून. पांढऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण मखमली लाल डाग बायोप्सीत वाईट निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणं ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. ज्याने माणूस ओरडतो तो फोड साधारणपणे आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होणारा असतो. आणि तंबाखू, सुपारी किंवा दारूचा इतिहास नसला म्हणून व्रणाला माफी मिळत नाही.

दुसरी तक्रार दुखण्याची. चेहरा दुखतो म्हटलं की डॉक्टर म्हणतात ‘दात दाखवून या’, आणि दंतवैद्याला समोर दिसतो दात. (आमच्या दंतवैद्य मंडळींनाही या पत्रात सूट नाही.) एका बाईंना गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं, की गेली. मधल्या वेळात काहीच नाही. दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी यायची, म्हणून त्या गालाला पदर लावून बसायच्या आणि त्या बाजूने बोलणंही टाळायच्या. त्यांच्या त्या बाजूच्या दाढा एकामागून एक काढल्या गेल्या. कळ होती तशीच राहिली. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस मेंदूतून निघते तिथे बहुधा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत असते. पहिलं औषध कार्बामाझेपिन, तेही हळूहळू वाढवत, रक्तातल्या सोडियमवर आणि अंगावरच्या पुरळावर लक्ष ठेवून. रुग्ण तरुण असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा चेहऱ्याचा भाग बधिर असेल, तर एमआरआयशिवाय पुढे जायचं नाही. निदानासाठी लागतं ते फक्त नीट विचारणं : कळ किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, मधे पूर्ण थांबते का. दाढेचा ठणका असा सेकंदांत मोजून येत-जात नाही. त्या बाईंना हे प्रश्न कोणी विचारले नव्हते. त्यांना औषधाने आराम पडला, दाढा काही परत आल्या नाहीत.

याच खात्यात आणखी दोन दुखणी आहेत, जिथे चूक फार महाग पडते. पन्नाशीपुढचा माणूस सांगतो, की चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. शिवाय कानशिलाला हात लावला की दुखतं, केस विंचरवत नाहीत. हा जबड्याचा सांधा नसून कानशिलाच्या रोहिणीचा (रक्तवाहिनीचा) दाह असू शकतो, आणि त्यात दृष्टी जाते, गेली की बहुधा परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाठवायच्या, स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करायचं, बायोप्सीसाठी थांबायचं नाही. दुसरं दुखणं : चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो. हे हृदयाचं दुखणं असू शकतं; अशा माणसाला दंतवैद्याकडे पाठवण्याआधी ईसीजी काढा.

तिसरी तक्रार रात्रीची आहे. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला एका पातळ स्नायूच्या ओळीखाली उतरलेली असतात. म्हणून तिथला पू हिरडीत न फुटता हनुवटीखाली आणि मानेकडे उतरतो. दोन्ही बाजूंनी कडक सूज, जीभ वर ढकललेली, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा, तोंड दोन बोटंही उघडत नाही, रुग्ण आडवा पडायला तयार नाही. विल्हेल्म फ्रेडरिक फोन लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा आजार आजही श्वास कोंडून माणूस मारतो. अशा रुग्णाला ‘दाढ सुजली आहे, सकाळी डेंटलला दाखवा’ म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे. गोळ्या गिळायला तोंड उघडत नव्हतं, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. कॅज्युअल्टीतल्या इंटर्नला तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ : तोंड किती उघडतं (रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत), जिभेखालचा तळ मऊ आहे का, आणि खालच्या जबड्याची कड बोटाला लागते की सुजेत बुडाली आहे. तोंड उघडत नसेल, तळ वर आला असेल किंवा लाळ गळत असेल, तर भूलतज्ज्ञाला आणि आम्हाला त्याच क्षणी उठवा, कितीही वाजले असोत.

मार लागलेल्या चेहऱ्याचं तसंच. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटी फाटते, टाके छान घातले जातात आणि पोर घरी जातं. हनुवटीवर बसलेला मार कानाजवळच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि तिथलं हाड मोडतं. खालचा जबडा कड्यासारखा आहे, एका ठिकाणी मोडला की दुसरी जागाही शोधायची असते. ते सुटलं तर सांधा पुढे जखडतो, त्या बाजूची वाढ खुंटते आणि वाढत्या वयात चेहरा वाकडा होतो. एक प्रश्न पुरतो : ‘दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का?’ नाकाला मार लागला असेल तर आतल्या पडद्यावर रक्ताची फुगीर गाठ आहे का बघा, कारण ती वेळेत रिकामी केली नाही तर कूर्चा मरते. मुलाच्या डोळ्याला मार लागलाय, डोळा वरून बरा दिसतो पण वर बघवत नाही, उलट्या होताहेत, नाडी मंद आहे; हे डोक्याचा मार म्हणून निरीक्षणाखाली ठेवलं जातं आणि खोबणीच्या मोडलेल्या तळात अडकलेला स्नायू तसाच मरतो. पक्का दात निखळून हातात आला असेल तर मुळाला हात न लावता जागेवर बसवा किंवा दुधात ठेवून तासाच्या आत आणा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, आतल्या पक्क्या दाताला इजा होते.

चेहरा वाकडा झाला की स्ट्रोक की बेल्स पाल्सी (चेहऱ्याची नस अचानक लुळी पडणं), एवढं बहुतेकांना येतं : कपाळाला आठ्या पडत नसतील तर दोष चेहऱ्याच्या नसेचा, पडत असतील तर मेंदूकडे बघा. पण कानासमोरची लाळग्रंथी चाचपायची राहते, कानात पुरळ बघायचं राहतं, आणि मिटत नसलेल्या डोळ्याची काळजी कोणी सांगत नाही. बेल्स पाल्सीत स्टिरॉइडचा खरा उपयोग ७२ तासांच्या आत सुरू केलं तर होतो, हे माहीत असलेला डॉक्टर ‘न्यूरोची पुढच्या आठवड्याची वेळ’ देणार नाही.

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती आपल्याच औषधांची आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी बिस्फॉस्फोनेट, डेनोसुमॅब लिहिण्याआधी दात तपासून घ्यायला किती जण सांगतात? पुढे दात काढला की जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन्महिने भरत नाही. रक्तदाबाचं अम्लोडिपिन, फिटचं फेनिटोइन, अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांनी हिरड्या वाढतात. दम्याचा स्टिरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरायला न सांगितल्याने टाळूवर बुरशी येते. उलट, शरीरातले आजार तोंडात आधी दिसतात : काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हिरड्या सुजून रक्त येतं, पेम्फिगस या फोड आणणाऱ्या आजाराचे फोड त्वचेआधी बहुधा तोंडात येतात, आणि खालचा ओठ व हनुवटी विनाकारण बधिर झाली तर शरीरात कुठेतरी कॅन्सर आहे का ते शोधावं लागतं.

न बघण्याची दुसरी बाजूही सांगते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. ज्याला तोंड ओळखता येत नाही तो निरोगी तोंडाचंही भय घालतो. जिभेच्या मागच्या बाजूला उलट्या व्हीच्या आकारात मांडलेले मोठे उंचवटे, ओठाच्या आतले पिवळे ठिपके, टाळूच्या मध्यावरचा हाडाचा उंचवटा, जागा बदलणारे जिभेचे लालसर नकाशे : ही सगळी नॉर्मल किंवा निरुपद्रवी मंडळी बायोप्सीच्या चिठ्ठीसह आमच्या दारात येतात. जबडा नुसता कट्‌कन वाजतो, दुखत नाही, अडकत नाही, म्हणून एमआरआय काढून आणणारेही येतात. त्यांना इलाज लागत नाही, धीर लागतो. जो दुखतो तो सांधाही बहुतेक वेळा विश्रांती, शेक, व्यायाम आणि समजावून सांगणं यांनीच शांत होतो. अशा घाबरलेल्या लोकांनी ओपीडी भरली की ज्याला खरोखर आज बघायला हवं त्याची पाळी मागे जाते.

‘अभ्यासक्रमात जागा नाही’ हे उत्तर मला अपेक्षित आहे. पण दोन आठवड्यांत आम्ही विद्यार्थ्यांना दात भरायला शिकवत नव्हतो. टॉर्च, लाकडी पट्टी, गॉज आणि हातमोजे घेऊन कसं बघायचं, काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही, एवढंच शिकवत होतो. तोंडाचं आरोग्य सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेत सामावून घ्या, असा ठराव २०२१च्या जागतिक आरोग्य सभेने केला. आपण त्याच्या उलट दिशेला निघाला आहात, आणि कारणात एक वाक्य आहे.

मागण्या अशा. पोस्टिंग परत आणा, सक्तीचं. दोन आठवडे परवडत नसतील तर एक चालेल, पण ओपीडीत आणि एक रात्र कॅज्युअल्टीत. तोंड, जबडा आणि मान तपासणं अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ठेवा; परीक्षेत नसलेलं कोणी शिकत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. न भरणारा व्रण, तोंडातला लाल-पांढरा चट्टा, मानेतली गाठ आणि दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड या चार कारणांसाठी कुठल्याही डॉक्टरला रुग्ण थेट आमच्याकडे पाठवता यावा, मधे डेंटलची फेरी नको. जबड्याच्या हाडावर परिणाम करणारी औषधं सुरू करण्याआधी दंततपासणीची नोंद सक्तीची करा. आणि पोस्टिंग काढण्याचा निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, त्या बैठकीचं इतिवृत्त जाहीर करा. बैठकीत रोज तोंडाचे रुग्ण बघणारं कोणी होतं का, हे मला त्यात वाचायचं आहे.

शिकवायला आमचा विभाग तयार आहे, जादा मनुष्यबळ मागत नाही. समितीतल्या कोणीही एक दिवस ओपीडीत येऊन बसावं. रुग्णांची परवानगी घेऊन मी फाईली समोर ठेवीन, आणि त्या माणसाने पहिल्यांदा तोंड कोणाला दाखवलं होतं त्या तारखेपासून वाचायला सुरुवात करू. उत्तर लेखी द्यावं. या वेळी ‘नोंद घेतली’ चालणार नाही.

आपली,
मुख व जबडा शल्यचिकित्सा विभागातली एक शिक्षिका